उशीतला खळगा

रविवार, ४ मे

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे ठीक आहोत, तूही भावाकडे मजेत असशील असं धरून चालतो. न सांगता गेलीस. तुझी शेजारीण तुझ्या खोलीची किल्ली ठेवायला दुकानात आली, तेव्हा मला कळलं. म्हणाली, "कधी येणार ते काही बोलल्या नाहीत." भावाची तब्येत बरी आहे ना?

तुझ्या वहिनीचा गुडघा पुन्हा कुरकुरतोय. म्हणते, जिना चढताना आधी गुडघ्याचं ऐकून घ्यावं लागतं, मग तुमचं. दुकान चाललंय. चौकटींच्या पट्ट्या या खेपेला वाकड्या निघाल्या, त्यामुळे कोपरे जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. परवा ठसेवाली आली होती, लाकडावर कोरलेली नवी चित्रं घेऊन. माउंटचा कागद पांढरा घ्यायचा की राखाडी यावरून बोलणं सुरू झालं आणि नेहमीसारखं भलतीकडेच गेलं. म्हणाली, "सगळा जन्म उलटं कोरण्यात गेला, आता नवऱ्याचं बोलणंही मला उलटंच ऐकू येतं." मी म्हटलं, आमच्या घरी ते ठसे न कोरताही होतं. खूप हसली.

खरं सांगू, हे असं बोलणं नसतं तर मी दुकान कधीच विकून टाकलं असतं. मी तुम्हा लोकांच्या चित्रांच्या कडा तेवढ्या बघणारा माणूस. आतलं काय आहे ते तुम्ही बोलता बोलता मला कळत गेलं. तू तर पहिल्यांदा आलीस तेव्हा मूर्तिकार बाईंना चौकट कशाला हवी, हाच मला प्रश्न पडला होता!

आपल्या लंबूच्या शिल्पांचं प्रदर्शन चालू आहे. गर्दी होते. पेपरात फोटो आला. शेजारीण म्हणाली की जायच्या आदल्या दिवशी तूही तिकडे गेली होतीस. पाहिलं असशील तर कसं वाटलं ते लिही. नाही लिहिलंस तरी चालेल.

बाकी विशेष काही नाही.

तुझा,
चौकटराव


सोमवार, १२ मे

प्रिय चौकटराव,

तुझं पत्र मिळालं. भाऊ बरा आहे. मीच बरी नव्हते, म्हणून आले. तुला सांगायला दुकानाशी आले होते, पण तू गिऱ्हाइकात होतास, तशीच पुढे गेले.

प्रदर्शन पाहिलं. पांढऱ्या प्लास्टरच्या उशा ओळीनं मांडलेल्या आणि प्रत्येकीत डोकं टेकल्याचा खळगा. मी दारातच थांबले. तुला आठवत असेल, आई गेल्यावर तुझ्याकडेच मी म्हणाले होते की तिच्या उशीत तिचा खळगा अजून तसाच आहे, मला त्याचा साचा घ्यायचाय, पण हात धजत नाहीत. दुसऱ्या कुणाजवळ मी हे बोलले नाही. तुझ्याजवळही बोलले नसते. तू काच पुसत होतास, माझ्याकडे बघत नव्हतास, म्हणून बोलून गेले.

लंबूला बिचाऱ्याला यातलं काय माहीत! त्याचं त्याला सुचलं. अशा गोष्टी हवेत असतात, ज्याचे हात आधी चालतात त्याच्या होतात. उशीर माझाच झाला. आता मी तेच केलं तर लोक म्हणतील, म्हातारीनं पोराचं उचललं.

एक काम कर. किल्ली तुझ्याकडे आहेच. आईचा पलंग, गादी, उशी कुणा गरजूला देऊन टाक. माझ्या हातून ते व्हायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगवत नाही. वहिनीला म्हणावं, गुडघा शेकत जा.

तुझी,
ताई


शनिवार, १७ मे

प्रिय ताई,

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवायला घेतलं आणि मध्येच थांबलो. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय केलंत तुम्ही?" म्हणून आधी तिला सांगावं लागलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता हेच त्यांना लिहा. जसंच्या तसं."

आधी तुझ्या खोलीचं सांगतो. बुधवारी गेलो होतो. खिडकी उघडली. पलंगावरची चादर बाजूला केली. उशीतला खळगा अगदी मधोमध नाही, भिंतीच्या बाजूला आहे. आई भिंतीकडे तोंड करून निजायच्या ना? गादीतही खांद्याची आणि कमरेची जागा दिसते. मी कशालाही हात लावला नाही. चादर पुन्हा घातली, खिडकी लावली आणि बाहेर आलो. ओझी उचलणाऱ्याला खाली उभा करून ठेवलं होतं, त्याला परत पाठवलं.

ताई, लंबूला ते हवेतून सुचलेलं नाही. माझ्याकडून गेलं.

थंडीच्या दिवसांत तो रोज दुकानात येऊन बसायचा. काम अडलं होतं. आधी चेष्टा करायचा, मग नुसता बसायचा. एकदा म्हणाला, "काका, माझ्या आत काही उरलंच नाही. शिकवणी सुरू करतो झालं." इतका उंच माणूस, पण स्टुलावर अगदी घडी घातल्यासारखा दिसत होता. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, "माणूस गेल्यावर त्याच्या उशीत खळगा राहतो, त्याचा साचा घेतला तर?" तो सरळ बसला. म्हणाला, "हे कुणाला सुचलं?"

तुझं नाव माझ्या ओठांवर होतं. मी म्हटलं, "मला."

का म्हटलं, याचा इतके महिने विचार करतोय. तुम्ही लोक माझ्या दुकानात बसून एकमेकांशी बोलता तेव्हा मी "हं, हं" म्हणणारा. चहा सांगणारा. त्या दिवशी लंबूनं माझ्याकडे असं पाहिलं, जसे तुम्ही एकमेकांकडे पाहता. ते मला सोडवलं नाही. इतकं साधं आणि इतकं हलकं कारण आहे.

तेव्हा वाटलं, बोलणं हवेत विरून जाईल. तो कामाला लागला तेव्हा वाटलं, आता ताईला सांगू. मग वाटलं, काम नीट झालं नाही तर सांगायची गरजच पडणार नाही. बघ, माझ्या मनात लंबूचं वाईट व्हावं असंही येऊन गेलं. उद्घाटनाला त्यानं मला पुढे बोलावलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "ही कल्पना आमच्या काकांची." टाळ्या झाल्या. मी हात जोडून उभा राहिलो. वहिनीनं कौतुकानं माझी बाही ओढली, तिला तेव्हा काहीच ठाऊक नव्हतं. तू प्रदर्शन बघायला दुसऱ्या दिवशी गेलीस, म्हणून हे तुझ्या कानावर आलं नाही. मागच्या पत्रात "कसं वाटलं" असं मी विचारलं, ते तुला कितपत कळलंय याचा अंदाज घ्यायला. तू मात्र लिहिलंस की दुसऱ्या कुणाजवळ बोलले नाही, आणि तरी तुझ्या मनात माझ्याबद्दल शंका आली नाही. त्यानं मी खरा मेलो.

काल लंबूकडे गेलो. त्यानं चहा टाकला होता, तो तसाच उकळून आटला. मी बोलून संपल्यावर म्हणाला, "काका, यामागे ताई आहेत हे कळलं असतं तर मी त्यांच्याकडे गेलो असतो. विचारलं असतं. नको म्हणाल्या असत्या तर सोडून दिलं असतं. तुम्ही मला विचारायला जागाच ठेवली नाहीत."

मी उठून चहाखालचा गॅस बंद केला.

मग म्हणाला, "खरीच उशी होती होय? आईची?" मी हो म्हटलं. तो उठून खिडकीशी गेला. म्हणाला, "माझ्या सगळ्या बाजारातून आणलेल्या. कुणी झोपलेलं नाही त्यांवर. खळगे मी माझ्या कोपरानं दाबून केले. लोक त्यांच्यासमोर रडत होते, आणि मला कळत नव्हतं की मला लाज का वाटतेय."

त्याला प्रदर्शन बंद करायचंय. दारावर खरं काय ते लिहून लावायचीही तयारी आहे, पण तुला विचारल्याशिवाय काही करणार नाही म्हणतो. तू सांगशील ते होईल.

त्याचं कोपराचं बोलणं मी मुद्दाम लिहिलं. माझी सुटका व्हावी म्हणून नाही. पण तुझं काम अजून कुणी केलेलं नाही, हे तुला कळायला हवं. म्हणून गादी आणि उशी मी दिलेली नाही, देणारही नाही. तू सांगितलेलं मोडतोय.

"माफ कर" लिहिणार होतो. पण ते म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं. लिहीत नाही.

तुझ्याशी खोटं वागलेला,
मी


गुरुवार, २२ मे

पत्र मिळालं. पहिल्यांदा वाचलं आणि पेटीत ठेवून दिलं. भावानं विचारलं, कुणाचं? मी म्हटलं, दुकानदाराचं.

तू लंबूला सांगितलंस, याचं मला फारसं काही वाटलं नाही. पोर बुडत होतं, हाताशी आलं ते तू त्याला दिलंस. मीही कदाचित दिलं असतं. "मला" म्हणालास, ते मात्र घशाखाली उतरत नाही. माझी आई होती ती. तुझी नव्हती.

लंबूला म्हणावं, प्रदर्शन बंद करू नकोस. दारावर काही लावू नकोस. लाज वाटली ना, मग पुढचं काम त्या लाजेतून कर. मला भेटायचं असेल तर येऊ दे त्याला. साचा काढताना गादी धरायला उंच माणूस लागेलच.

म्हणजे, मी परत येतेय. पुढच्या आठवड्यात. भिंतीच्या बाजूला खळगा आहे असं तू लिहिलंस, आणि मला ती कूस आठवली. इतके दिवस मला तिचा नुसता चेहरा आठवत होता, म्हणून हात चालत नव्हते. हे तुझ्या पत्रातून मिळालं याचाही राग येतोय.

किल्ली शेजारणीकडे देऊन ठेव.

दुकानात कधी येईन ते माझं मला ठरवू दे. चौकटी तर लागतीलच कधीतरी. आले की काच कोणती, पट्टी कोणती, एवढं विचार. माझ्या मनात पुढे काय आहे, ते विचारू नकोस. हवापाण्याचं बोलू. इतकी वर्षं मनातलंच बोलत आलो, त्यामुळे दोघांनाही सुरुवातीला जड जाईल. जाऊ दे.

रागावलेली,
ताई