मशीनच्या पुस्तकात माझी बोलणी

नवनगर, हुबळी

तीर्थरूप अक्का,

पायावर डोकं ठेवलं असं समज, गुडघा वाकू देत नाही. तुझी शुगर, म्हशीचं दूध आणि भावजींची झोप तिन्ही ठीक ना? (झोप ठीकच असणार.)

ऐक. मी पुस्तक लिहितेय. हसू नकोस. धारवाडच्या एका प्रकाशकाकडं काम करणारी दीपश्री नावाची पोरगी आपली शिलाई मशीन घेऊन माझ्या दुकानात आली आणि म्हणाली, मावशी, मशीन घरच्या घरी कशी दुरुस्त करायची त्यावर मराठीत पुस्तक लिहा. मी चौथी शिकलेली. पण आतलं उघडून बघायची माझी खोड तुला ठाऊकच. अप्पांचा रेडिओ मीच उघडला होता (मार तू खाल्लास). मशिनी ढीगभर उघडल्या, पुस्तक आतून कसं असतं ते कुठं बघितलं होतं? म्हणून हो म्हटलं.

तर आतून असं असतं बघ: लिहिणारीला सगळं येऊन भागत नाही. काहीच न येणाऱ्या माणसानं नुसतं वाचून मशीन चालू केली तरच छापणार, आणि तोवर मी तोंड उघडायचं नाही, असं दीपश्री म्हणाली. तोंड उघडायचं नाही! मी!

पहिल्यांदा शेजारची रूपाली बसवली. मी लिहिलं होतं, 'आतला कचरा काढावा.' बाईनं खणातली बटणं, मोडक्या सुया, लग्नपत्रिका सगळं बाहेर काढलं. खण चकाचक, आणि मशीनच्या पोटातला दोऱ्याचा गुंता तसाच! मग सुटलंच माझं तोंड. अगं बये, खण नव्हे, सुईखालची पट्टी सरकव, आणि आधी सुई वर घे, नाहीतर बोटाची चाळण होईल! दीपश्री मला 'सुम्न कूड्री' म्हणून कानडीत गप्प बसवायचं सोडून भराभर टाईप करत होती. आता पुस्तकात तेच आहे, 'अगं बये' सकट. काढ म्हटलं तर म्हणते, तेवढंच तर समजतंय. मला नवलच वाटतं अक्का. लिहायला बसले की काही सुचत नाही, आणि समोर कुणी चुकायला लागलं की तोंडातनं सगळं नीट ओळीनं येतं. ते आत बसलेलं असतं तरी कुठं? मशीनसारखं उघडता आलं असतं तर बघितलं असतं.

शेवटची परीक्षा रविवारी आहे. जमलं तर छपाई, नाही तर सगळं पहिल्यापासून लिहा. तुला कळवावं म्हटलं, बाकी मागणं काही नाही.

तुझी,
तानू

ता. क. भावजींना रविवारी इकडं धाडशील का? आयुष्यात कशालाच हात न लावलेलं माणूस आता नवनगरात उरलं नाही, ज्या बायका बसवल्या त्या सगळ्या शिकून बसल्या. मशीनचं बोलू नकोस, जेवायला बोलावलंय म्हण. घालीन की जेवायला, मशीन चालू झाल्यावर.

ता. ता. क. पुस्तकाच्या पहिल्या पानावर कुणाचं तरी नाव घालायचं असतं म्हणे. भावजींना जमलं तर त्यांचं घालते. नाही जमलं तर तुझं. तू तर त्यांना इतकी वर्षं पुस्तकाशिवाय चालवलंस.