काटा सांगेल तसं

मलकापूर, ३ नोव्हेंबर १९९६

ती. कपिलदादास,
नीलिमाचा सविनय जय भीम. वि. वि. आई इथं आल्यापासून दोन घास खाते आहे. पिंकीला दात येतायत, दिसेल ते चावते. मामालाही सोडणार नाही.

चोवीसला तासगावी आबा गेल्याचं पुण्यानुमोदन, आणि मांडायला फोटो नाही. माझ्या लग्नात तू काढलेत तेवढेच. दीड वर्ष झालं, लॅबात अडकलेत म्हणतोस. आबा आधी दर रविवारी विचारायचे, मग विचारायचेच थांबले. आता तरी आण.

तुझ्या मायेतली,
नीलिमा

सांगली, ९ नोव्हेंबर १९९६

चि. नीलिमास,
अनेक आशीर्वाद. फोटो अडकले नव्हते. आठवड्यातच धुऊन आले होते. तू, आबा, आई, सगळ्यांचे चेहरे काळेठिक्कर. मी ते आमच्या फोटोच्या दुकानातल्या खणात दडवले.

चूक माझी. कॅमेऱ्यातला काटा उजेड मोजतो, पण समोर काय आहे ते त्याला कळत नाही. तुझी पांढरी साडी, आबांचा पांढरा सदरा, मागं पांढरा पडदा. त्याला वाटलं, उजेड लय झाला. तो सांगेल तसं मी भिंगाचं तोंड आठवर बारीक केलं; आकडा मोठा तितकं तोंड लहान. चारवर उघडलं असतं तर चौपट उजेड आत गेला असता, चेहरे नीट उठले असते. निगेटिव्ह बघितल्यावर हे समजलं. चेहऱ्यांच्या जागी जवळजवळ कोरी फिल्म. जे तिच्यावर पडलंच नाही ते कागदावर कुठनं आणू? नोकरी नवी होती, लाज वाटली, खोटं बोललो.

आईला सांभाळ. रागाव, पण तोडू नकोस.
कपिल

मलकापूर, १५ नोव्हेंबर १९९६

ती. दादास,
जय भीम. तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मग तिनं हे सांगितलं.

मागच्या वर्षी दिवाळीत आबा एसटीनं तुझ्या दुकानात आले होते. तू बाहेर ऑर्डरीला गेला होतास. तुझ्या मालकांनी, नानासोंनी, खणातले फोटो दाखवले आणि म्हणाले, काळी माणसं अशीच येतात. आबांनी ते खरं मानलं. घरी येऊन आईला म्हणाले, आपली कातडीच तशी हाय, कपिलला काय इचारू नगंस, त्याला वाईट वाटंल.

त्यानंतर ते कुठल्याच फोटोला उभे राहिले नाहीत. पिंकीच्या नामकरणात तिला मांडीवर घेऊन बसा म्हटलं, तर तिला माझ्याकडं देऊन उठून गेले. मला वाटलं, मुलगी झाली म्हणून. मी त्यांच्याशी महिनाभर बोलले नाही.

चूक कॅमेऱ्याची होती हे तुला ठाऊक होतं, दादा. दोन वाक्यांत त्यांना सांगता आलं असतं.

चोवीसला ये. मला लिहिलंस ते सगळ्यांसमोर उभं राहून सांग, की आबांच्या रंगाचा काही दोष नव्हता. ऐकायला आबा नसतील.

लोभाचं आज लिहवत नाही.
नीलिमा