टाके पडल्यावर बारसं

शुक्रवार, संध्याकाळ. कापडे.

डोकं फिरलंय नुसतं. पोरीच्या जन्मतः फाटलेल्या ओठाचं ऑपरेशन करून आज पनवेलहून घरी आलो. टाके अजून ओलेच आहेत. उंबऱ्यातच सासूबाईंनी तिच्या तोंडावरचं दुपटं उचललं नि म्हणाल्या, "आता बारसं करू गो. आता तोंड दाखवायजोगं झालंय."

म्हणजे इतके महिने माझी लेक बिननावाची राहिली ती यासाठी? कुणी आलं की हेच दुपटं तिच्या तोंडावर! आणि माझा नवरा? "आई म्हणते तर थांबू." ऑपरेशनची घाई मी केली ती तिला दूध ओढता यावं म्हणून. चमच्याने पाजताना दोघी रडायचो म्हणून. पाव्हण्यांना बघवावं म्हणून नाही.

ऑपरेशनला आत नेताना नर्सने विचारलं, "बाळाचं नाव?" मी म्हटलं, "रेवा." पहिल्या दिवसापासून पाजताना मी तिला हेच म्हणते. हाक मारली की वळून बघते ती.

करा आता बारसं खुशाल. आत्या कानात जे सांगेल ते तिला कधीचंच माहीत आहे.

आत्ताच आतून सासूबाईंनी विचारलं, "दुपटं कुठं गेलं गो?"

न्हाणीच्या चुलीत.