खालच्या फांदीवरचा दोडका

सप्तापूर, धारवाड
३ जून २०२४

ती. अक्कास,
विठ्ठलचा शि. सा. न. (गुडघ्यामुळे उभ्याउभ्याच) वि. वि.

फोनवर मी एक बोलतो आणि तू भलत्याच गोष्टीला 'बरं' म्हणतेस, म्हणून हे पत्र. कानाचं यंत्र तू डबीत जपून ठेवतेस असं कळलं. ते कानात घालायचं असतं.

जुन्या हुबळीतलं घर दसऱ्यापर्यंत रिकामं करा, असं तुझ्या घरमालकाने सांगितल्याचं भारतीकडून समजलं. भावजी गेल्यावर तू तिथे एकटी राहिलीस, कुणाचं ऐकलं नाहीस. आता निदान घरमालकानेच निकाल दिला. आमची मागची खोली मोकळी आहे. पण अंगणात हिरेकाईचा वेल लावायला जागा दिली तरच येईन, अशी अट तू भारतीला, आपल्या भावजयीला, घातलीस म्हणे. अक्का, माणसं देवघराची अट घालतात, पलंग खिडकीशी हवा म्हणतात. दोडक्याची अट मी प्रथमच ऐकली.

अंगणात जागा नाही. तिथे माझा अराउकॅरिया आहे. गल्ली त्याला ख्रिसमस ट्री म्हणते, शेजारचे बाळाचार्य देवदार समजून हात जोडतात, आणि तू मागच्या खेपेला 'ते सुरूचं झाड' म्हणालीस. सुरूला फुलं येतात. तो दिसायला सूचिपर्णी, जातीने नव्हे. मी दहावीनंतर कॉलेजचं तोंड पाहिलं नाही. पंपांच्या जळक्या मोटारी रिवाइंड करता करता जे वाचलं ते वाचलं, पण वाचलं ते नीट.

आता तूच तुलना कर. माझ्या झाडाला निचऱ्याची माती, उन्हाळ्यात आठवड्याला एकदा पाणी आणि कुणी हात न लावणं, एवढं पुरतं. वर्षाकाठी फांद्यांचा एक मजला चढवून गप्प उभं राहतं. दोडक्याला शेणखत पाहिजे, मांडव पाहिजे, दिवसभर ऊन, रोज पाणी, वर फळमाशीपासून राखण. इतके लाड करून घेऊन चार महिन्यांत मरतो. एक आपल्या नातवंडांना पाहील, दुसरा दिवाळीसुद्धा पाहणार नाही.

लोभ आहेच. नवीन मागत नाही.
विठ्ठल

जुनी हुबळी
९ जून २०२४

चि. विठ्ठलास,
अक्काचे अ. उ. आ., त्यातले निम्मे भारतीला.

तुझं पत्र वीस किलोमीटर यायला चार दिवस लागले. तुझं झाड चालत निघालं असतं तर आधी पोचलं असतं.

गरजा सगळ्या लिहिल्यास. उपयोग लिहायचे राहिले. तू विसरणाऱ्यातला नाहीस, म्हणजे लिहिण्यासारखं नसेल. मी माझ्या हिरेकाईचे लिहिते. कोवळी असेल तर भाजी. शिरा तासल्या की तीळ घालून चटणी, जी तू लहानपणी भाकरीपेक्षा जास्त खायचास. जून झाली तर वाळवून अंग घासायला. आत बी, म्हणजे पुढच्या वर्षाची सोय. तुझ्या झाडाचं काय होतं? खाली खाट टाकावी तर फांद्या टोचतात.

आता खरं सांगते. चाळीस वर्षं मागच्या पत्र्यावर मी वेल चढवला. भावाच्या घरात बसून खाणारी बहीण मला व्हायचं नाही. सकाळी चार हिरेकाई तोडून भारतीच्या ओट्यावर ठेवल्या, की मी त्या घरात पाहुणी उरत नाही. एवढीच माझी अट. मोठी वाटत असेल तर याच गल्लीत सखूबाईंच्या माडीवर एक खोली आहे. अंधारी आहे, पण वर गच्ची आहे. जिना तेवढा उभा आहे.

आणि माझ्यासाठी झाड पाडशील तर मी तुझी पायरी चढणार नाही. अक्काला जागा करायला हिरवं झाड पाडलं, ही कीर्ती नको मला.

आशीर्वाद वर दिलेच आहेत.
अनसूया

सप्तापूर, धारवाड
१६ जून २०२४

ती. अक्कास,
विठ्ठलचा सा. न. उपयोग विचारलेस, ऐक.

अराउकॅरियाचं खोड सरळसोट. साहेब लोकांनी हे झाड पाहिलं तेव्हा जहाजांना याच्या डोलकाठ्या होतील म्हणून त्यांना हर्ष झाला होता. मला अर्धवट माहिती देता येत नाही, म्हणून पुढचंही लिहितो: लाकूड त्या कामाला ठिसूळ निघालं. तरी नुसतं उभं राहून डोळ्यांना बरं वाटणं हाही उपयोगच. तुझ्या पत्र्यावरच्या दोडक्याकडे बघून कुणी थांबल्याचं ऐकिवात नाही.

शिवाय तुझा दोडका कामचुकार आहे. पहिली सगळी फुलं नुसती नर. पिवळी धमक उमलतात, काही न करता गळून पडतात.

वेल झाडाशेजारी का नको, तेही सांगतो. या झाडाची खालची फांदी एकदा वाळली की त्या जागी दुसरी येत नाही. आंब्यासारखं नाही ते. गेलं ते गेलं. तुझा वेल तिच्यावर चढणार, तिचं ऊन खाणार आणि दिवाळीला आपण मरून मोकळा होणार.

तडजोड म्हणून गच्चीत एक बादली देतो. बुडाला भोकं माझी मी पाडीन.

लोभ बादलीएवढा तरी असावा.
विठ्ठल

सप्तापूर, धारवाड
१९ जून २०२४

ती. वन्सं यांस,
भारतीचा सा. न. हे पत्र यांना न दाखवता टाकते आहे.

गच्चीतल्या बादलीत यांनी तुमच्यासाठी आधीच बी लावून पाहिलं. दिवसातून तीनदा पाणी. बी कुजलं. मग म्हणाले, बियाणंच खोटं. दुसरं आणलं, तेही कुजलं. आता बादलीला दोष देताहेत.

मागच्या खोलीला रंग दिला आहे. तुमचा पलंग खिडकीशी यावा म्हणून पट्टी घेऊन दोन दिवस मापं काढली. विचारलं तर म्हणतात, खोलीला ओल आली होती. ओल कुठे होती मला दिसली नाही. मी बोलले नाही, कारण रंग चांगला आहे.

तुम्ही त्या जिन्यावर जाऊ नका. बाकी तुमची इच्छा.
भारती

जुनी हुबळी
२४ जून २०२४

चि. विठ्ठलास आशीर्वाद, आणि तुझ्या बादलीलाही.

बादली तुझी तुला ठेव. मला गच्चीवर चढायचं असतं तर सखूबाईंचा जिना काय वाईट होता.

नर फुलांचं म्हणशील तर तो दोष एकट्या दोडक्याचा नाही. आधी यायचं, दिमाख करायचा आणि काम दुसऱ्यावर सोडायचं, ही रीत मी आपल्या घरात तीन पिढ्या पाहिली. अप्पाआजोबांपासून मोजते आहे, तू शेवटचा.

तुझी दोन्ही पत्रं पुन्हा वाचली. झाडाचं खोड आलं, फांद्या आल्या, साहेब आणि त्यांची जहाजंसुद्धा आली. 'ये' हा एवढासा शब्द आला नाही. खोली मोकळी आहे, हे तर भाडेकरूलाही सांगतात. इतका नेमका माणूस तू, राहून गेला असं कसं म्हणू.

सखूबाईंना गणपतीच्या आधी सांगते म्हटलं आहे. न येणाऱ्या शब्दाची वाट बघत वर्षानुवर्षं उभं राहायला मी काही सूचिपर्णी नाही.

अनसूया

सप्तापूर, धारवाड
३० जून २०२४

ती. अक्कास सा. न.

आज झाडाच्या पूर्वेला, बुंध्यापासून दोन हात सोडून, आळं केलं. शेणखत केलगेरीहून आणलं. तीन बिया लावल्या. सुतळी सगळ्यात खालच्या फांदीला बांधली आहे. झाड जागेवरच आहे, त्यामुळे पायरीबद्दलचा तुझा मुद्दा निकालात निघाला.

फांदीचं काय होईल ते मला ठाऊक आहे. तू त्यावर लिहू नयेस.

बाळाचार्यांनी विचारलं की देवदाराला दोरी कशाला. म्हटलं, बहिणीने बांधायच्या आधी मीच बांधली.

विठ्ठल

जुनी हुबळी
८ जुलै २०२४

चि. विठ्ठलास आशीर्वाद.

फांदीवर काही लिहीत नाही.

पाणी दिवसातून एकदाच, तेही पाऊस नसेल तर. रोज उकरून बघू नकोस. शेंडा दोरीपाशी आला की आपला आपण धरतो, त्याला शिकवायला जाऊ नकोस. नर फुलं गळायला लागली की बियाणं खोटं म्हणून ओरडू नकोस. देठाशी बोटभर हिरेकाई घेऊन येते ती मादी कळी. ती दिसली की मला पत्र टाक. तोवर सखूबाईंना मी हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. तुझ्या हातचं बी, दोनदा कुजलेलं. मी कशाच्या भरवशावर पेटी भरू?

दोनदा कुजल्याचं मला कसं कळलं ते विचारू नकोस.

अनसूया

सप्तापूर, धारवाड
१८ ऑगस्ट २०२४, सकाळ

ती. अक्कास,
शि. सा. न. समोरासमोर करीन, म्हणून इथे जागा घालवत नाही.

वेल दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला आहे. खालची फांदी टोकाकडून तपकिरी होऊ लागली. बाळाचार्य हळहळले. मी त्यांना सांगितलं, झाडाला अजून दहा आहेत.

नर फुलं गळली, मी ओरडलो नाही. भारतीला विचार, ती तुला सगळं कळवतेच. काल देठाशी बोटभर दोडका असलेली कळी दिसली. मापली नाही. तो कोवळा असताना कधी तोडायचा ते नखाने बघतात, हे कळणारं या घरात कुणी नाही. भारती बाजारातून आणते आणि मला फक्त वाचून माहीत आहे. चुकलो तर अंग घासायचं एक साधन होईल.

कळी दिसली की पत्र टाक, असं तू लिहिलं होतंस. टपालाला चार दिवस लागतात, बसला पाऊण तास. म्हणून हे पत्र मीच घेऊन आलो आहे. यंत्र घातलेलं नसेल हे धरून चाललो आहे, तेव्हा आधी हे वाच, मग बोलू. तू वाचत असशील तोवर मी तुझ्या ओट्यावर बसून आहे. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी थांबवली आहे. सखूबाई वरून बघत असतीलच, त्यांना काय ते तूच सांग.

तो शब्द तू मागितला होतास. लिहायला बसलो की पुढे झाडच येतं. म्हणून लिहिला नाही, आलो.

पेटी मोठी भरू नकोस आणि चहा टाकू नकोस. दोडक्याचं फूल संध्याकाळी उमलतं. त्याआधी आपल्याला धारवाडला पोचायचं आहे.

विठ्ठल