इलॅस्टिकची चादर

माय,

तू ज्या चादरीवर एवढी चिडली होतीस, तसल्याच चादरींची आता माझ्या घरात थप्पी आहे. चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या. तू असतीस तर कपाळावर हात मारला असतास, पण आधी ऐकून घे. आबा माझ्याकडे आहेत. माझ्या पुढच्या खोलीत, खिडकीजवळ, दोन वर्षांपासून अंथरुणात. उजवं अंग गेलं त्यांचं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून डॉक्टरांनी हवेची गादी घ्यायला लावली, आणि त्या गादीवर साधी चादर टिकत नाही. सकाळी कितीही ताणून घातली तरी दुपारपर्यंत तिचा पाठीखाली बोळा होतो, आणि बोळा झाला की संध्याकाळी कातडी लाल. इलॅस्टिकची चादर गादीला धरून बसते. म्हणून आणल्या, हौस म्हणून नाही.

आबा लेकीच्या घरी राहतात हे तुला पचायला वेळ लागणार, मला माहीत आहे. माझं लग्न झाल्यावर तुम्ही दोघं यायचात तेव्हा आबा खुर्चीच्या कडेवर बसायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि घड्याळाकडे बघायचे. तू तर जेवून जा म्हटलं की पदर सावरत उठायचीस. "लेकीच्या दारात किती येळ बसावं मानसानं?" त्याच आबांना मी आता चमच्यानं वरण-भात भरवते. पहिले काही महिने ते घास तोंडात घेऊन भिंतीकडे बघायचे. धाकट्या भावाचं पुण्यातलं घर चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट असून नसल्यासारखी, नवरा-बायको दोघंही नोकरीला. मग दुसरं कोण होतं? माझे हे एका शब्दानं बोलले नाहीत. उलट वाळूजहून शिफ्ट करून आले की आधी आबांना कुशीवर करायला हात लावतात, मग बूट काढतात. कुणाबद्दल तक्रार करावी असं काही नाही, माय. तेच तर अवघड आहे. तक्रार करता आली असती तर जरा हलकं वाटलं असतं.

आणि हे सगळं पाण्याच्या जिवावर. शहराचं नाव बदललं, नळाचा वार काही बदलला नाही. आठवड्यानं पाणी येतं, तेही कधी पहाटे, कधी भर दुपारी. रोजची एक चादर, कधी दोन. शेवटच्या खळबळण्याचं पाणी बादलीत धरून ठेवायचं, त्यात दुसऱ्या दिवशीची भिजवायची. तू हसशील, तुझंच शिकलेय. टँकरवाला आता मला ताई म्हणतो आणि न विचारता आमच्या दारात थांबतो.

तुला ती निळी चादर आठवते का? माझ्या पहिल्या पगाराची. मैदानावर प्रदर्शन लागलं होतं, तिथून आणली होती. मी कॉलेजच्या ऑफिसात नुकतीच लागले होते आणि घरात काहीतरी नवं, शहरातलं दिसावं असं फार वाटायचं. पलंगावर घातली तेव्हा तू लांबून बघत राहिलीस. "झाक दिसती," एवढंच म्हणालीस. खरा घोळ धुतल्यावर झाला. तुझ्या पेटीत सगळ्या चादरींच्या घड्या पेटीच्या मापाच्या असायच्या. तू आणि मी अंगणात समोरासमोर उभ्या, दोन टोकं तुझ्याकडे, दोन माझ्याकडे. ताणायची, झटकायची, पुढं यायचं, टोकं तुझ्या हातात द्यायची, खाली वाकून दुमड उचलायची. मी ढिली धरली की तू म्हणायचीस, "जेवली नाय का?" घडी झाली की ती रात्रभर गादीखाली, आबांच्या वजनाची इस्त्री. मग पेटीत, डांबरगोळ्यांच्या वासात, पाहुण्यांची वाट बघत.

ती निळी काही केल्या त्यात बसेना. आपण दोघी अंगणात उभ्या आहोत आणि टोकंच सापडत नाहीत. तू ओढतेस तर माझ्याकडून आक्रसते, मी ओढते तर तुझ्या हातातून सुटते. तू ती फरशीवर टाकतेस, दाबतेस, शेवटी तिच्यावर बसतेस. उठलीस की ती परत पुरीसारखी फुगते. मला हसू येतंय आणि तुला येत नाहीये.

पुढच्या रविवारी मी बाहेरून आले तर चादर सरळ, चौकोनी, पेटीत सगळ्यांच्या वर. तू ब्लेडनं टाके उसवून सगळं इलॅस्टिक काढलं होतंस, कोपऱ्यांच्या शिवणी उलगडल्या होत्यास, कडेनं हातशिलाई घातली होतीस. आणि इलॅस्टिक? ते धाकट्याच्या दोन चड्ड्यांत. मी घर डोक्यावर घेतलं. "माय, कामून केलं असं? त्याच्यातच तर सगळं होतं!" तू शांतपणे सुईतला दोरा दातानं तोडलास. "जिची घडी होत नाय ती चीज घरात ठिवायची कुठं?" आबा दारात बसून बिडी ओढत होते, ते एवढे हसले की त्यांना ठसका लागला. मला मात्र लई राग आला होता. तुझ्या हातची ती शिलाई किती सरळ होती हे बघायलाही मी तयार नव्हते.

तसल्या चादरीची घडी होते, माय. फोनवर एका बाईला घालताना बघून मी शिकले, आणि एकटीला जमते, हे महत्त्वाचं. चादर उलटी करून दोन कोपऱ्यांत दोन हात घालायचे, पोळीवाल्या बायका कपड्यात हात घालून तवा धरतात तसे. मग एक कोपरा दुसऱ्यावर पालथा घालायचा, आतला आत बसतो. उरलेले दोनही तसेच आणायचे. चारही कोपरे एकात एक गेले की चादर टेबलावर पसरायची, इलॅस्टिकची गोल कड आत दुमडायची, की झाला चौकोन. पुढं आपली नेहमीची, आधी लांबीत तीन, मग रुंदीत तीन. खरं तर घडी घालायची गरजच नसते. आज धुतलेली उद्या परत गादीवर जाणार, बोळा करून ठेवली तरी कोण विचारतंय? तरी मी घालते. दिवसभरात तेवढं एकच काम असं असतं, जे झालं की झालं. बाकी सगळं संपत नाही. आबांना कुशीवर केलं की पुन्हा करायची वेळ येते. भरवलं की पुसायचं, पुसलं की बदलायचं.

मी थकले आहे. हे मी कुणाला म्हटलं नाही, कारण म्हटलं की लोक लगेच तुझं उदाहरण देतात. तू आजीचं कसं केलंस, तोंडातून ब्र काढला नाहीस. खरं सांग, काढावासा वाटला नव्हता का? रजा सगळ्या संपल्या. कॉलेजात खिडकीपलीकडे पोरं उभी असतात आणि मी बसल्या जागी पेंगते. मागच्या महिन्यात आबांना कुशीवर करताना माझी पाठ अशी धरली की त्यांना अर्ध्यावर धरून मी तशीच उभी, ना सोडता येई ना वळवता येई. आबा खालून म्हणत होते, "सोड, सोड मला." मी सोडलं नाही. पण त्याच आठवड्यात धाकट्यानं खुलताबादच्या वाटेवरच्या एका केंद्राचं काढलं, जिथं अशी माणसं सांभाळतात, तेव्हा मी नेहमीसारखं नाही म्हटलं नाही. बघून आले. स्वच्छ आहे. हवा चांगली आहे. धाकट्यानं फोनवर आबांना सांगितलं, आबा "बरं" म्हणाले, आणि त्यानंतर मी आणि आबांनी तो विषय काढला नाही. उद्या सकाळी गाडी येणार आहे.

तुझी पत्रं मीच तुला वाचून दाखवायचे, त्यामुळे हे पाठवायचं कुठं आणि वाचायचं कुणी, दोन्ही प्रश्न मिटलेले आहेत. म्हणून एवढं लिहवतंय.

आज दुपारी मी आबांच्या अंगाखालची सोडून बाकीच्या सगळ्या चादरी घड्या घालून दिवाणाच्या पोटात ठेवायला काढल्या. आजवर उद्यासाठी घालायचे, आज ठेवून द्यायला घालत होते. आबा बघत होते. त्यांचे शब्द आता जड येतात, एकेक ढकलत आणल्यासारखे.

"समद्याच ठिवती का?"

"तिथं त्यांच्या चादरी असतात, आबा."

"कुशीवर कोन करंल तिथं?"

"पोरी आहेत, पोरं आहेत. दर दोन तासाला करतात."

"रातीला बी?"

"रात्रीला बी."

त्यांनी पापण्या मिटल्या. मला वाटलं डोळा लागला. मग डाव्या हातानं त्यांनी माझा हात चाचपडला.

"मंग तुला झोप व्हईल."

माय, अशा वेळी लेकीनं काय म्हणायचं असतं ते मला ठाऊक आहे. झोपेचं काय घेऊन बसलात आबा, कुठं जायचं नाही तुम्ही, इथंच राहायचं. धाकट्याला फोन करून गाडी नको म्हणायला अजून वेळ होता. ते वाक्य माझ्या तोंडाशीसुद्धा आलं नाही. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, "व्हय आबा. लई झोप येतीय."