हळदकुंकवाचं पिस्तूल

रविवार, २५ ऑगस्ट

अडकलं! दोन गोळ्या नीट गेल्या आणि तिसरीला नुसतं खट्ट.

नेमबाजी क्लबच्या रेंजवर सकाळी गेलो होतो. यांनी पिस्तूल घेतल्याला वर्ष झालं आणि आज पहिल्यांदा ते झाडून बघितलं. म्हणजे वर्षभर जे कमरेला बांधून हे मुलुंडभर फिरत होते ते उडतं की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आपल्याकडे नवीन कुकरसुद्धा आधी नुसतं पाणी घालून, शिट्टी काढून बघतात.

रेंजवर शिकवायला चंद्रप्रकाश म्हणून आहेत, लष्करातून निवृत्त झालेले. यांच्या मागे उभे राहून हळू आवाजात सांगत होते, ‘श्वास सोडा, विद्याधरजी. सोडला? आता दाबा. घाई नाय करायची.’ अडकलेली गोळी त्यांनी काढून दिली. पुढची गेली. त्याच्या पुढची पुन्हा खट्ट. मग चंद्रप्रकाशच म्हणाले, आज पुरे, पुढच्या रविवारी उघडून बघू.

मला वाटलं हे चिडतील. चिडले नाहीत, पांढरे पडले. दोन वर्षांपूर्वी सराफीचं दुकान बंद करताना ते दोघं लुटारू बाइकवरून आले, शटरच्या दांड्याने यांच्या डोक्यात घातलं आणि चेनचा ट्रे उचलून गेले. तेव्हा टाके घातल्यावर हॉस्पिटलात जसे दिसत होते तसेच आज दिसले. परत येताना रिक्षात एकच वाक्य बोलले — ‘ऐन वेळी हे दगा देणार.’

मला त्या वस्तूचा पहिल्यापासून राग आहे. तळहातात मावेल एवढीशी, आणि घरातलं सगळं बोलणं तिच्याभोवती. पण यांचा तो चेहरा बघवला नाही.

सोमवार, २६ ऑगस्ट

दुकान उघडलं नाही. ‘बरं वाटत नाही.’ ताप नाही, काही नाही. काउंटरवरच्या राधाला फोन करून सुट्टी दिली.

बुधवार, २८ ऑगस्ट

श्रेयसचा मरोळच्या ऑफिसातून फोन. ‘आई, बाबांना सांग ना, ते लायटर विकून टाका.’ लायटर म्हणतो त्याला! म्हटलं, तूच सांग, तुझे बाबा आहेत. फोन यांच्याकडे दिला. दोघांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवला.

दुकान आज उघडलं. मी बंद करायच्या वेळेला नेहमीसारखी जाऊन उभी राहिले. काय करणार आहे मी उभी राहून, कोण जाणे. पण घरी बसवत नाही.

रविवार, १ सप्टेंबर

आज जे झालं ते लिहायलाही लाज वाटतेय आणि हसूही येतंय.

चंद्रप्रकाशनी टेबलावर पांढरं फडकं पसरलं आणि पिस्तूल उघडलं. आत बारीक ब्रश फिरवला. ब्रश बाहेर आला तो लालपिवळा. त्यांनी तो उजेडात धरला, वास घेतला. म्हणाले, ‘मी इतकी वर्षं हत्यारं उघडतोय. गंज बघितला, वाळू बघितली, एकदा तर मुंग्या निघाल्या. हे काय आहे?’

मला एका क्षणात कळलं. गेल्या वर्षीची खंडेनवमी! दुकानात पूजा मांडली होती — तराजू, वजनं, कसोटीचा दगड, पकडी, चिमटे — आणि घरात नवीन शस्त्र आलं म्हणून तेही. सोनाराच्या घरची सून आहे मी, हत्यारांना हळदकुंकू लावताना हात आखडत नाही. आधी तेलाचं बोट, मग हळद, मग कुंकू, वरून अक्षता. हे तेव्हा हात जोडून शेजारी उभे होते. पूजेनंतर यांनी ते वरवर पुसलं आणि कमरेला लावलं. आत सगळ्याचा गोळा होऊन बसला. शेवटी एक अक्षतसुद्धा निघाली आतून.

चंद्रप्रकाश डोळे पुसेपर्यंत हसले. ‘ताई, पूजा बाहेरून करायची असते.’ मी ओढणीत तोंड लपवलं. हे हसले नाहीत. रिक्षात बसल्यावर म्हणाले, ‘म्हणजे वर्षभर मी हळदीकुंकवाच्या भरवशावर फिरत होतो.’

मी म्हटलं, ‘मग? झालं का काही वर्षभरात?’

हे रिक्षाच्या मीटरकडे बघत बसले. मी तरी गप्प बसायला हवं होतं.

रविवार, ८ सप्टेंबर

दीड दिवसाचे गणपती गेले. आरतीच्या वेळी यांनी माझ्या हातातली हळदीची वाटी काढून घेतली आणि स्वतःजवळ ठेवली. श्रेयसला काहीच कळेना आणि मला हसू आवरेना.

रविवार, १५ सप्टेंबर

पास!

चंद्रप्रकाशनी साफ करून, तेलपाणी करून ठेवलं होतं. मग यांनी सावकाश झाडलं, मग भराभर, मग कमरेच्या चामडी पाकिटातून काढून. डाव्या हातानेही. एकही अडकली नाही. मी मागे बाकावर कानावर ते हेडफोन लावून बसले होते आणि प्रत्येक वेळी डोळे मिटून घेत होते. शेवटी चंद्रप्रकाश म्हणाले, ‘विद्याधरजी, याच्यावर आता विसंबायला हरकत नाय.’ हे बाहेर आले तेव्हा शाळेतून बक्षीस घेऊन आल्यासारखे दिसत होते.

येताना स्टेशनजवळ मिसळ खाल्ली. दोन पाव जास्तीचे मागवले. या वयात, बीपी असताना! मीच ते यांच्यापुढे सरकवले.

दुपारी घोरत पडले. या दोन वर्षांत यांचं घोरणं ऐकलं नव्हतं, जरा खुट्ट झालं की उठून बसतात. ऐकून इतकं बरं वाटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही शेजारी तशीच गाढ झोप लागली. उठले तेव्हा दिवेलागण झाली होती.

गुरुवार, १९ सप्टेंबर

बोरिवलीला बहिणीकडे, वसुधाकडे राहायला आलेय. दुकान बंद करायच्या वेळी मी जवळ नाही असं त्या दिवसापासून एकदाही झालं नव्हतं. वसुधा म्हणाली, ‘अगं, आणि भावोजी एकटे?’

मी म्हटलं, ‘कमरेला आहे ना.’

बोलून गेले आणि माझं मलाच नवल वाटलं. उठसूट त्या वस्तूला शिव्या घालणारी मीच ना?

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज यांची तब्येत बरी नव्हती असं दिसतं. मी डबा घेऊन दुकानात गेले होते. हे काउंटरवर वाकून एका अंगठीचा खडा बघत होते. बाहेर कुणाच्या तरी बाइकने फाटकन आवाज केला, आणि नेमकी त्याच वेळी राधा मागच्या दाराने चहा घेऊन आली. तिने यांच्या खांद्याला हात लावला — ‘काका, चहा.’

हे गर्रकन वळले. हात कमरेला, कोटाच्या आत. राधाला काही कळलं नाही, ती कप ठेवून मागे गेली. मी समोरच्या आरशातून बघत होते. चहावर साय धरली तरी यांचा हात तिथून निघेना. मग आतल्या खोलीत गेले, कडी लावली आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

बीपीच असणार. डॉक्टरांना भेटून औषध वाढवून घ्यायला हवं. विचारलं तर म्हणाले, ‘काही नाही, जरा गरगरलं.’

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

डॉक्टर म्हणाले, बीपी उत्तम आहे. मग काय?

हल्ली शांत मात्र झालेत. रोज सकाळी पाकीट कमरेला लावतात, माझ्यासमोर लावतात, पट्टा दोनदा ओढून बघतात. मी म्हणते, ‘झालं का शृंगारून?’ तेवढंच हसतात.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

दुकानात पूजा. या वर्षी पिस्तुलाकडे बघायचंसुद्धा नाही असं ठरवलं होतं. तराजू मांडला, वजनं मांडली. हे आले आणि स्वतःच ते काढून तराजूशेजारी ठेवलं. ‘यालाही लाव.’

‘अहो, पुन्हा अडकेल.’

‘अडकू दे.’

मला वाटलं टोमणा मारतायत. मी विड्याच्या पानावर ते ठेवून वर नुसतं झेंडूचं फूल वाहिलं. तर यांनी वाटीत बोट बुडवलं आणि चांगलं बोटभर कुंकू त्याला फासलं. रागाने की श्रद्धेने, मला कळेना. एवढी साफसफाई करून घेतली ती कशाला मग?

राधाने आपट्याची पानं दिली, वाकून नमस्कार केला. यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला तो काढीचनात. पोरगी अवघडली. मीच म्हटलं, ‘अहो, सोडा तिला, पेढे वाटायचेत.’

बुधवार, १६ ऑक्टोबर

काल निवडणूक जाहीर झाली आणि आज पोलीस ठाण्यातून फोन. परवाना असलेल्यांनी शस्त्र जमा करायचं, निकाल लागेपर्यंत.

आणि मध्ये धनत्रयोदशी! वर्षातला सगळ्यात जास्त माल दुकानात, सगळ्यात जास्त गर्दी, बंद करायला सगळ्यात उशीर. चौकशी केली तर कळलं, आमच्यासारख्या सराफांना सूट मागता येते, अर्ज करावा लागतो. मी बसून अर्ज लिहिला आणि यांच्यापुढे ठेवला.

‘बघू,’ म्हणाले.

‘बघू काय? सही करा. एवढी परीक्षा घेतलीत त्याची, ती कशासाठी?’

यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ‘तुला तर ते घरात नको होतं.’

‘नकोच होतं. पण आता आहे ना!’

सही केली नाही. माझा संताप संताप झाला. भांडी आपटून झाली, यांच्यावर परिणाम शून्य.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

नीट लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

ठाण्यात मी हट्टाने सोबत गेले. यांचं मन ऐन वेळी बदललं तर अर्ज हाताशी असावा म्हणून पर्समध्ये घेतला होता. काउंटरवरची पोलीसबाई चांगली होती. म्हणाली, ‘काका, आधी रिकामं करा.’

‘रिकामंच आहे.’

तिने घेऊन बघितलं. रिकामं. मागे कुंकवाचा डाग होता, तो तिने बोटाने पुसला. ‘गोळ्या?’ यांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली डबी काढून दिली. ती म्हणाली, ‘बरं केलं, आज घरूनच काढून आणलं.’

‘आज नाही,’ हे म्हणाले. ‘महिना होत आला.’

मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली. बाहेर येऊन उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभे राहिलो आणि तिथे यांनी सांगितलं. त्या दिवशी राधा चहा घेऊन आली, त्या दिवशी. पाकिटाचं बटण निघालं होतं. पिस्तूल हातात आलं होतं, कोटाच्या आतून तिच्याकडेच वळलं होतं. बोट चापावर होतं. ‘फक्त ओढायचं राहिलं, पद्मा. आणि ओढलं असतं तर अडकलं नसतं गं. स्वच्छ होतं. तीन रविवार खपून मीच करून घेतलं होतं.’

आतल्या खोलीत जाऊन यांनी त्याच दिवशी गोळ्या काढल्या. पुन्हा घातल्याच नाहीत.

‘पिस्तुलाची खात्री पटली,’ म्हणाले. ‘माझी नाही पटली.’

राधाचा तो कप ठेवणारा हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. चोवीस वर्षांची मुलगी आहे. मी रस प्यायले नाही. यांचा हात धरावासा वाटला आणि थोबाडीत द्यावीशीही वाटली. म्हणजे मी बोरिवलीला जाऊन आरामात गप्पा मारत होते तेव्हा आठवडाभरातच हे होणार होतं! आणि त्यानंतर महिनाभर मी घरी निवांत बसून होते ती कशाच्या भरवशावर? रिकाम्या डबड्याच्या!

घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाही. अजून बोललेले नाही.

रविवार, २० ऑक्टोबर

अर्ज फाडून टाकला. बोलत अजून नाही. भाजीत मीठ जास्त झालं, हे मुकाट्याने जेवले.

मंगळवार, २९ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दिवसभर दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. यांची कंबर रिकामी, आणि हे मजेत गिऱ्हाइकांशी गप्पा मारत होते. दाराशी भिंतीला पाठ लावून प्रत्येक बाइककडे बघत उभी होते ती मी. बंद करताना एक बाइक समोर येऊन थांबली. मी राधाचा हात घट्ट धरला. कुणी तरी पत्ता विचारायला आलं होतं. हे शटर ओढता ओढता म्हणाले, ‘श्वास सोड, पद्मा.’ सोडला.

घरी येताना शेवटी बोललेच. विचारलं, ‘रिकामं होतं तर महिनाभर रोज माझ्यासमोर कमरेला का बांधत होतात?’

‘तुला झोप लागायला लागली होती,’ हे म्हणाले.