एकेचाळीस पाहुणे

हिबारा, ६ मार्च २०११

चि. एवेलियो यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

बेकरीवाल्याची सून उद्या तिकडे निघतेय, तिच्या बॅगेत एका पाकिटाची जागा आहे, म्हणून घाईत लिहितेय. मी खुशाल आहे. गुडघे आपल्या मर्जीने चालतात. आई जाऊन दोन वर्षं झाली तरी माझ्या हातून कॉफी दोघींचीच होते, उरलेली दुपारी गार पिते.

आईची खोली पाहुण्यांना भाड्याने द्यायचा परवाना मिळाला. दारावर परवान्याची निळी खूणही लावली. पण आपल्या गल्लीपर्यंत कुणी पोचतच नाही, सगळे चौकातल्या घरांतच उतरतात. म्हणून मी संगणक क्लबात वेबसाइट करायला शिकतेय. वर्गात बाकी सगळी विशीतली, मी एकसष्टची. पहिल्या दिवशी मास्तरांना वाटलं, मी झाडू मारायला आलेय.

आता मुद्द्याचं सांगते. ओल्गीनची आपली चुलतबहीण मिग्दालिया मागे लागलीय, की हे घर देऊन तिच्या शेजारचा फ्लॅट अदलाबदलीत घे. ते फ्लॅटवाले सप्टेंबरअखेरपर्यंत थांबणार आहेत. मला हे घर सोडवत नाही, पण एकटीने भिंतींशी किती बोलायचं? तोवर पाहुणे यायला लागले तर राहीन, नाहीतर जाईन. तेव्हा सांग, कुठलं सॉफ्टवेअर घेऊ? इथला डिस्क विकणारा हवं ते उतरवून देतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
नेरेइदा


मोंतेव्हिदेओ, ३ एप्रिल

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

तू आणि वेबसाइट, हे वाचून कामावर गोदामातल्या लोकांना ऐकवलं. ते म्हणाले, तुझ्या ताईला इकडेच बोलावून घे, आमचा संगणक कुणालाच चालवता येत नाही.

माझं ऐकशील तर मोठं सॉफ्टवेअर घे. त्यात माउसने चित्रं उचलून ठेवायची, आतलं कोड ते आपणच लिहितं. या वयात कोडच्या फंदात पडू नकोस. तिकडे घरी इंटरनेट नाही, तेव्हा पान तयार झालं की पेन ड्राइव्ह पाठव, मी इथून चढवीन.

माझं ठीक चाललंय. काम, झोप आणि रविवारी नदीकाठ. इथे माते नावाचा कडू चहा एका भांड्यातून सगळे मिळून पितात. मीही भांडं घेतलंय, पण पितो एकटाच.

आहे तेवढा लोभ ठेव, कमी करू नकोस.
तुझा धाकटा,
एवेलियो


हिबारा, १५ मे

चि. एवेलियो यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं मोठं सॉफ्टवेअर घातलं आणि घरातल्या जुन्या संगणकाला धाप लागली. मी एक मथळा लिहिला, तर त्याने माझ्या पाठीमागे साठ ओळी लिहून ठेवल्या. तीस वर्षं गोदीत नकाशे काढले बाबा मी, स्वतः न ओढलेल्या रेघेवर माझा विश्वास बसत नाही. काढून टाकलं. आता साध्या नोटपॅडमध्ये हाताने लिहिते. मास्तर म्हणतात, आधी मथळा, परिच्छेद, चित्र आणि दुवा एवढं पक्कं करा, रंगांचं नंतर. मी अर्थातच आधी रंग घेतले, सात. पान बघून मास्तरांनी डोळे चोळले. आता दोनच आहेत.

फोटो सहा आहेत, प्रत्येकाखाली एकेक ओळ लिहिलीय. सोबत पेन ड्राइव्ह आहे. तळाशी किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा लाव, मला कळायला हवं.

आठवण असू दे.
ताई


मोंतेव्हिदेओ, १९ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

पान चढवलं, आकडाही लावला. अक्षरं आली, फोटो नाहीत. सहा रिकाम्या चौकटी दिसतात. फोटो कुठे आहेत म्हणून पानात तू जो पत्ता दिलास, तो तुझ्या घरच्या संगणकातल्या कप्प्याचा आहे. तो कप्पा बाकीच्या जगाला कसा उघडणार? फोटो आणि पान एकाच फोल्डरमध्ये ठेव, नुसतं फोटोचं नाव लिही आणि सगळं पुन्हा पाठव.

चौकटींखालच्या ओळी मात्र वाचल्या. सकाळी इथे ऊन येतं, असं एकीखाली लिहिलंयस. चित्र नव्हतं, तरी ऊन पलंगाच्या कुठल्या पायापर्यंत येतं ते मला आठवलं.

तुझा,
एवेलियो


हिबारा, १७ जुलै

चि. एवेलियो यास,
अनेक आशीर्वाद.

काय हा वेडेपणा. माझ्या पडद्यावर सगळे फोटो दिसत होते. मी रोज संध्याकाळी बघत बसायची आणि वाटायचं, जग बघतंय. बघणारी मी एकटीच. आता फोटो फोल्डरमध्ये घातलेत, त्यांचं वजनही उतरवलंय, म्हणजे पान लवकर उघडेल. शिवाय येणाऱ्याने दोन शब्द लिहावेत म्हणून एक चौकट केलीय. लिहिलेलं मिग्दालियाच्या कचेरीतल्या ईमेलवर जाईल, ती मला फोन करेल.

लोभ असावा, आणि पत्र जरा मोठं लिहीत जा.
ताई


मोंतेव्हिदेओ, १४ ऑगस्ट

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

फोटो आले, सगळे छान दिसतात. आकडा एकेचाळीस झालाय. कामाची गर्दी आहे, सविस्तर मागाहून.

तुझा,
एवेलियो


हिबारा, ४ सप्टेंबर

चि. एवेलियो यास,
अनेक आशीर्वाद.

एकेचाळीस. सगळ्या गल्लीला सांगून झालं. आपल्या खोलीत एकेचाळीस माणसं डोकावून गेली, या कल्पनेनेच घर भरल्यासारखं वाटतं. काहींची तर मी तोंडंही ठरवलीत. एक जर्मन जोडपं आहे, बाई कडक आणि नवरा बिचारा. खोलीला चुना दिला, पलंगाची नवी चादर शिवली.

मात्र चौकटीत कुणीच काही लिहीत नाही. माझंच काही चुकलं असणार म्हणून कोड ओळ न् ओळ तपासलं. मास्तरांनीही तपासलं, मिग्दालियाने स्वतः लिहून बघितलं, तिला पोचलं. मग लोक असे नुसते बघून का जातात? पण एकेचाळीस येतात म्हणजे आज ना उद्या एखादा मुक्कामाला येईलच. मी मिग्दालियाला नाही म्हणणार आहे.

तुझा लोभ आहेच, तो शब्दांतही दिसू दे.
ताई


मोंतेव्हिदेओ, १८ सप्टेंबर

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मिळेपर्यंत मिग्दालियाला काही कळवू नकोस. ते एकेचाळीस मीच आहे. आकडा माणसं मोजत नाही, पान किती वेळा उघडलं ते मोजतो. जेवणाच्या सुट्टीत गोदामातल्या संगणकावर मी रोज ते उघडतो. फोटो नव्हते तेव्हाही उघडायचो. आधी वाटलं, तू खूश आहेस तर राहू दे. तू घराचा निर्णय त्या आकड्यावर घेशील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घर सोडून अकरा वर्षं झाली, ताई. आई गेली तेव्हाही आलो नाही. त्या पानावर खोली तशीच आहे, तिथे मला कुणी काही विचारत नाही, म्हणून जात राहिलो.

तू ओल्गीनला जा. तिथे निदान हाकेला माणूस असेल. मला क्षमा कर.

तुझा,
एवेलियो


हिबारा, ९ ऑक्टोबर

चि. एवेलियो यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र दोन तारखेला हाती आलं. नकार मी अठ्ठावीसलाच कळवला होता. तो फ्लॅट आता दुसऱ्यांनी घेतला, मिग्दालिया माझ्याशी बोलत नाही.

मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. खोटं बोललास म्हणून नाही. एकेचाळीस वेळा तू दारापर्यंत आलास आणि एकदाही हाक मारली नाहीस. मी घरातच होते.

आठवडाभर संगणक उघडला नाही. काल उघडला. पाहुणे मोजणारा आकडा आता लावू नकोस. पान पुन्हा पाठवतेय, आहे तसं चढव, एक अक्षर बदलू नकोस. त्यावर एवढंच लिहिलंय, की डिसेंबरपासून खोली राखून ठेवली आहे, इतरांनी विचारू नये. कोणासाठी ते लिहिलेलं नाही. मग कुणी परदेशी पाहुणा दार ठोठावत आला तरी मी त्याला चौकात पाठवणार आहे.

माझी माया आहे तशी आहे. तुझी मात्र आता पत्रात पाठवू नकोस.

ताई